क्लोन कोणता?

आमच्या फ्रीजच्या दुसऱ्या फळीवर, उजेड लागू नये म्हणून काळ्या डब्यांत, छोट्या छोट्या नळ्या उभ्या असतात. प्रत्येकीच्या तळाशी जरासं रंगीत पाणी. लेबलवरची नावं वाचून बाहेरच्या माणसाला काही म्हणजे काही कळणार नाही: जीके १.५, ५३-६.७, एम १/७०, आरबी ६-८सी५. दारावर ‘डबा ठेवू नये’ अशी चिठ्ठी आहे. ती सगळ्यांना कळते, तरी उन्हाळ्यात एखादी ताकाची बाटली आत सापडतेच.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र सांभाळते. उंदरांच्या प्रतिकारशक्तीवर काम करणारी मुलं-मुली आपापले नमुने घेऊन येतात. ‘मॅडम, सीडी४ ची अँटिबॉडी हवी होती,’ म्हणत कुणी दारात उभं राहिलं की माझा प्रश्न ठरलेला असतो: ‘क्लोन कोणता?’ मुलं पाठीमागे माझी नक्कल करतात, हे मला ठाऊक आहे. करू देत. त्या उत्तरावर प्रयोगाचा निम्मा निकाल अवलंबून असतो.

अँटिबॉडी म्हटलं की नातेवाइकांना कोविड आठवतो, नाहीतर कॅन्सरची महागडी इंजेक्शनं. ‘म्हणजे तुम्ही औषधं बनवता तर!’ आम्ही औषधं बनवत नाही. या नळ्या आमची हत्यारं आहेत. पेशी ओळखायच्या, मोजायच्या, वेगळ्या काढायच्या, थांबवायच्या, चेतवायच्या, कधी मारायच्या, यातलं जवळपास प्रत्येक काम उंदरांवरच्या संशोधनात मोनोक्लोनल अँटिबॉडी करते. माणसाला टोचायची इंजेक्शनंसुद्धा बहुतेक वेळा याच हत्यारांच्या कामातून पुढे सरकली आहेत.

अँटिबॉडी हे शरीरातल्या बी पेशींच्या कुळातून येणारं, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन. वायची दोन टोकं एखाद्या रेणूवरच्या ठरावीक जागेला चिकटतात. खालचं खोड पुढे काय करायचं ते ठरवतं: भक्षक पेशींना बोलवायचं की गप्प बसायचं. एक बी पेशी एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवते. पण सशाला काही टोचलं की त्याच्या असंख्य बी पेशी कामाला लागतात आणि रक्तद्रवात सगळ्यांचा खिचडा होतो. एका सशाचा रक्तद्रव दुसऱ्याशी जुळत नाही. ससा गेला की तो रक्तद्रवही कायमचा संपला. १९७५ च्या सुमारास एडवर्ड बॉइस आणि हार्वे कँटर यांनी उंदराच्या टी पेशींमध्ये ‘मदतनीस’ आणि ‘मारेकरी’ असे वेगळे गट दाखवले, ते अशाच रक्तद्रवांच्या जोरावर. पण ते रक्तद्रव मिळवणं आणि शुद्ध करणं इतकं कटकटीचं होतं की ज्याच्या फ्रीजमध्ये ते होते, त्यालाच तो प्रयोग जमायचा.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९७५ मध्ये, केंब्रिजच्या सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोहलर यांचा छोटासा लेख ‘नेचर’मध्ये आला. मिलस्टाइन मूळचे अर्जेंटिनाचे, कोहलर जर्मन, तेव्हा जेमतेम तिशीच्या आतले. मेंढीच्या तांबड्या पेशी टोचलेल्या उंदराची प्लीहा त्यांनी घेतली. तिच्यातल्या बी पेशी हव्या त्या अँटिबॉडी बनवतात, पण काचेच्या बशीत काही दिवसांत मरतात. दुसरीकडे मायलोमा ही कॅन्सरची पेशी, तिला मरण ठाऊक नाही. सेंडाई विषाणू वापरून त्यांनी दोन्हींचं फ्यूजन केलं, म्हणजे त्या एकमेकींत मिसळून एक केल्या.

खरी गंमत त्यानंतर आहे. मिश्रणात न मिसळलेल्या मायलोमा पेशींचाही ढीग उरतो, आणि त्या सगळं पात्र व्यापून टाकतात. म्हणून मायलोमा अशी निवडलेली असते की तिच्यात एक एन्झाइम नसतं. डीएनए बांधायचे दोन मार्ग असतात. नव्यानं माल तयार करायचा, किंवा जुना माल पुन्हा वापरायचा. हे एन्झाइम नसेल तर दुसरा मार्ग बंद. मग द्रवात ॲमिनोप्टेरिन घातलं की पहिलाही बंद होतो आणि मायलोमा मरते. प्लीहेच्या पेशी तशाही मरणारच. उरते फक्त संकरित पेशी: तिला एन्झाइम मिळालं प्लीहेकडून आणि अमरत्व मिळालं कॅन्सरकडून. तिलाच हायब्रिडोमा म्हणतात. छोट्या खाचांच्या प्लेटमध्ये एका खाचेत एकच पेशी पडेल इतकं पातळ करून ती वाढवली की तिची सगळी पिलावळ एकाच छापाची निघते. हाच क्लोन. त्याच्या नावातले आकडे बहुतेक वेळा कुणाच्या तरी वहीतला फ्यूजनचा आणि खाचेचा क्रमांक असतात, ते तसेच चिकटून राहिले.

मिलस्टाइन-कोहलर यांच्या तंत्राचं पेटंट घेतलं गेलं नाही. पुढे ब्रिटनमध्ये त्यावर बरीच हळहळ झाली. मला विचाराल तर बरंच झालं. पेशी मागेल त्याला मिळत गेल्या आणि पाच-सात वर्षांत जगभर शेकडो क्लोन उभे राहिले. १९८४ मध्ये दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल मिळालं.

आता उंदराकडे वळू. मराठीत माउस आणि रॅट दोन्ही उंदीरच, त्यामुळे इथे मी माउसला उंदीर म्हणते आणि रॅटला रॅटच. उंदराच्या पेशींवरच्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी हवी असेल, तर ती उंदराकडून सहसा मिळत नाही, कारण स्वतःच्या प्रथिनावर तो हल्ला करत नाही. म्हणून उंदराच्या पेशी रॅटला टोचायच्या आणि रॅटची प्लीहा घ्यायची. काही प्रथिनं रॅटलाही फारशी परकी वाटत नाहीत, तिथे हॅमस्टर कामाला येतो. टी पेशींवरचं सीडी३ ओळखणारा १४५-२सी११ हा क्लोन आर्मेनियन हॅमस्टरचा. म्हणजे उंदराच्या प्रतिकारशक्तीबद्दल जगाला जे कळलंय, त्यातलं बरंचसं चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या काही रॅट आणि हॅमस्टरच्या पेशींमार्फत कळलंय.

आणि त्या पेशींनी काय दाखवायचं, हे दरवेळी माणसानं ठरवलेलं नव्हतं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टिमथी स्प्रिंगर मिलस्टाइनच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी रॅटला टोचल्या उंदराच्या प्लीहेतल्या पेशी, त्याही टी पेशी जास्त असतील अशा निवडून. हाती आलेल्या क्लोनांपैकी एम १/७० हा चिकटला मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींना. ज्या रेणूला तो चिकटतो त्याला आज सीडी११बी म्हणतात, आणि हा क्लोन अजून आमच्या फळीवर आहे. टी पेशी शोधायला जाऊन मॅक्रोफेजची खूण हाती लागली, आणि ती वापरून दोन पिढ्यांनी पीएचड्या केल्या.

यंत्रावर हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगते. उंदराची प्लीहा जेमतेम शंभर मिलिग्रॅमच्या आसपास भरते, तरी त्यात सुमारे दहा कोटी पेशी असतात. सिरिंजच्या दट्ट्याच्या मागच्या टोकानं ती बारीक जाळीवर घासायची, अमोनियम क्लोराइडनं तांबड्या पेशी फोडायच्या, उरलेल्या बर्फावर ठेवायच्या. दहा लाख पेशी एका नळीत. आधी २.४जी२ हा क्लोन घालायचा, म्हणजे अँटिबॉडीच्या खोडाला पकडणारे पेशींवरचे हात आधीच बांधले जातात आणि खोटी चिकटाचिकटी टळते. मग रंग लावलेल्या अँटिबॉडी घालायच्या. त्यातला फायकोएरिथ्रिन नावाचा झगझगीत नारिंगी रंग समुद्रातल्या लाल शेवाळातून येतो. अर्धा तास अंधारात ठेवून, धुऊन यंत्राला लावलं की पेशी एकेक करून निळ्या लेझरसमोरून धावतात आणि पडद्यावर ठिपक्यांचे ढग उमटतात. हा बी पेशींचा, प्लीहेत निम्म्याहून मोठा. हा सीडी४ चा, म्हणजे मदतनीस टी पेशींचा. खालचा लहान सीडी८ चा, म्हणजे मारेकऱ्यांचा. पहिल्यांदा पाहणारी मुलं गप्प होतात. ढग मात्र आपोआप उमटत नाहीत. नळीत घातलेली अँटिबॉडी ज्याला चिकटते, त्याचाच ढग दिसतो. जिच्यासाठी अँटिबॉडी नाही, ती पेशी पडद्यावर असूनही नसल्यात जमा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जपानचे शिमोन साकागुची. टी पेशींतच काही पेशी बाकीच्यांना आवर घालत असाव्यात, असा त्यांचा कयास होता. १९८० च्या दशकात या कल्पनेची इतकी बदनामी झाली होती की बहुतेकांनी तो नाद सोडला होता. अडचण साधी होती. या पेशींना इतरांपासून वेगळं करणारी खूणच सापडत नव्हती. दरम्यान अमेरिकेत दुसऱ्याच कामासाठी सीडी२५ विरुद्धच्या अँटिबॉडी तयार झाल्या होत्या. सीडी२५ हा इंटरल्यूकिन-२ च्या ग्राहकाचा एक भाग, आणि चेतलेल्या टी पेशींचा अभ्यास करायला तो हवा होता. साकागुची यांनी धडधाकट उंदराच्या सीडी४ पेशी घेतल्या, त्यातल्या सीडी२५ असलेल्या, म्हणजे साधारण दहा टक्के, अँटिबॉडीनं काढून टाकल्या आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या, म्हणून स्वतःच्या टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या. त्या उंदरांच्या थायरॉइडवर, जठरावर, अंडाशयावर त्यांच्याच शरीरानं हल्ला चढवला. काढलेल्या पेशी वेळेत परत दिल्या, तर काही झालं नाही. हा निबंध १९९५ चा. २०२५ चं नोबेल मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना मिळालं. यात कल्पना साकागुचींची, चिकाटीही त्यांचीच. पण सीडी२५ ची अँटिबॉडी त्या दशकात कुणाच्या तरी फ्रीजमध्ये नसती, तर ती चिकाटी आणखी किती वर्षं रखडली असती?

त्याच अँटिबॉडीची दुसरी बाजूही सांगायला हवी. आवर घालणाऱ्या पेशी नष्ट करायला पीसी ६१ हा सीडी२५ विरुद्धचा क्लोन जिवंत उंदराला टोचतात. पण सीडी२५ चेतलेल्या साध्या टी पेशींवरही असतो. संसर्ग ऐन भरात असताना पीसी ६१ टोचला तर कोतवाल आणि शिपाई दोघंही जाऊ शकतात.

या टोचण्याच्या प्रयोगांत माझा जीव जास्त अडकलेला असतो. घरातलं एखादं माणूस महिनाभर गावाला गेलं की मग कळतं, घरातली कुठली कामं ते मुकाट्यानं करत होतं. पेशींचंही तसंच. उंदराच्या पोटात जीके १.५ चं पाव मिलिग्रॅमच्या आसपास इंजेक्शन दिलं, की सीडी४ असलेल्या पेशींवर रॅटची अँटिबॉडी बसते, भक्षक पेशी त्यांना खाऊन टाकतात, आणि मग संसर्गाचं किंवा गाठीचं काय होतं ते पाहायचं. हा क्लोन १९८३ पासून वापरात आहे. पेशी खरंच गेल्या का, हे तपासायला काही दिवसांनी रक्ताचे थेंब घेऊन मुलं माझ्याकडे येतात.

मागे एक मुलगा आनंदानं आला. ‘मॅडम, सगळ्या गेल्या. शून्य पॉइंट दोन टक्के!’

‘टोचला काय होतास?’

‘जीके १.५.’

‘आणि आत्ता नळीत रंगीत काय घातलंस?’

‘आरएम ४-५.’

‘मग अरे, जागा तर आधीच भरलेली आहे!’

जीके १.५ आणि आरएम ४-५ हे सीडी४ वर जवळपास एकाच ठिकाणी बसतात. पहिला बसलेला असेल तर दुसऱ्याला टेकायला जागा उरत नाही. पेशी जिवंत, ठणठणीत, रक्तात हिंडते आहे, पण यंत्राच्या लेखी ती नाही. अशा वेळी आरएम ४-४ घ्यायचा. तोही सीडी४ लाच चिकटतो, पण वेगळ्या जागी, आणि जीके १.५ त्याच्या आड येत नाही. सीडी८ च्या बाबतीत हाच पेच असतो. तिथे अल्फा साखळीविरुद्धचा क्लोन टोचून तपासताना बीटा साखळीचा वापरला की सुटतो. मुलानं उरलेलं रक्त आरएम ४-४ नं रंगवलं. पेशी बऱ्याच गेल्या होत्या, पण सगळ्या नाही. त्याचा चेहरा पडला, पण नंतर तोच आकडा त्यानं प्रामाणिकपणे गटापुढे मांडला.

एका मुलाचा एक आठवडा गेला, इतकंच. पण हीच गोष्ट अख्ख्या विषयाच्या बाबतीतही घडली आहे. आरबी ६-८सी५ हा रॅटचा क्लोन ‘जीआर-१’ नावाच्या खुणेसाठी वर्षानुवर्षं वापरला गेला. तो टोचला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, म्हणून ‘न्यूट्रोफिल नसतील तर काय होतं’ हे पाहायला तो हुकमी मानला जाई. पुढे स्पष्ट झालं की तो न्यूट्रोफिलवरच्या लाय-६जी ला घट्ट चिकटतो आणि त्याचं नातलग प्रथिन लाय-६सी ला देखील. लाय-६सी असतं दाहाच्या ठिकाणी धावणाऱ्या मोनोसाइटवर, काही सीडी८ टी पेशींवर, आणखीही कुठे कुठे. मग त्या प्रयोगांत उंदीर दगावला तो न्यूट्रोफिल नव्हते म्हणून, की मोनोसाइट नव्हते म्हणून? २००८ मध्ये डेली आणि सहकाऱ्यांनी फक्त लाय-६जी ला चिकटणारा १ए८ हा क्लोन टोचून दोन्हींतला फरक दाखवला, आणि बऱ्याच जुन्या निष्कर्षांकडे पुन्हा बघावं लागलं. १ए८ देखील धुतल्या तांदळासारखा नाही. तो न्यूट्रोफिल अर्धवट काढतो, आणि झाकलेल्या जागेचा घोळ तिथेही होतोच.

कधी दोष अँटिबॉडीचा नसतो, उंदराच्या जातीचा असतो. पीके १३६ हा क्लोन नॅचरल किलर पेशी दाखवतो, पण काळ्या सी५७बीएल/६ उंदरात. पांढऱ्या बाल्ब-सी मध्ये तो कोरा जातो. तिथे त्या पेशी आहेत, पण ती खूण नाही.

आणि कधी एका क्लोनमुळे वैद्यकशास्त्राचं पान उलटतं. जेम्स ॲलिसन यांच्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत सीटीएलए-४ विरुद्धचा ९एच१० नावाचा सीरियन हॅमस्टरचा क्लोन होता. सीटीएलए-४ हा टी पेशींचा ब्रेक आहे, की ॲक्सिलरेटर, यावर तेव्हा वाद होता. १९९४ च्या शेवटी गाठ असलेल्या उंदरांना त्यांनी तो टोचला आणि गाठी विरल्या. विश्वास बसेना म्हणून ऐन नाताळच्या सुट्टीत प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच. १९९६ मध्ये निबंध आला. मात्र ९एच१० माणसाला उपयोगाचा नाही, तो उंदराच्याच सीटीएलए-४ ला ओळखतो. माणसासाठी वेगळी अँटिबॉडी बनवावी लागली. तिला, म्हणजे इपिलिमुमॅबला, अमेरिकेत २०११ मध्ये परवानगी मिळाली. हा प्रवास उलटाही होतो. आज इस्पितळात दिली जाणारी पीडी-१ या दुसऱ्या ब्रेकविरुद्धची पेम्ब्रोलिझुमॅब उंदराच्या पीडी-१ ला धरत नाही, म्हणून उंदरावर प्रयोग करताना आम्ही आरएमपी१-१४ सारखा रॅटचा क्लोन वापरतो. औषधाच्या जागी त्याचा बदली खेळाडू. ‘उंदरावर हे औषध चाललं’ अशी बातमी वाचताना हे लक्षात असलेलं बरं.

या नळ्या येतात बहुधा परदेशातून, जेलच्या थंड पाकिटांत. काही जोडरंग इतके नाजूक की गोठवले तर वाया आणि उजेडात राहिले तरी वाया. यंत्रासाठीच्या नळ्यांत टिकाऊपणासाठी सोडियम ॲझाइड असतं. ते विष आहे, म्हणून तीच नळी जिवंत उंदराला टोचता येत नाही. त्यासाठी ॲझाइडविरहित आणि एंडोटॉक्सिन अत्यल्प असलेली वेगळी घ्यावी लागते. हे वाक्य मी नव्या मुलांना इतक्यांदा सांगते की भिंतीवर लिहून ठेवावं म्हणते.

पैसे वाचवायचे असतील तर हायब्रिडोमाच वाढवायचा. अशा पेशी जपणाऱ्या पेढ्या आहेत. पुण्यातच विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे आणि तिथल्या संग्रहातून देशभर पेशी जातात. पूर्वी हायब्रिडोमा उंदराच्याच पोटात वाढवून तिथं साठणारं पाणी काढत. अँटिबॉडी भरपूर मिळे, उंदराचे हाल कुत्रा खात नसे. आता प्लास्टिकच्या बायोरिॲक्टरमध्ये पेशी वाढवल्या की काम भागतं, आणि ती जुनी पद्धत गेली याचं मला जराही दुःख नाही.

अमर म्हणून ठेवलेल्या या पेशीही बदलतात. काही गुणसूत्रं गळतात, अँटिबॉडी बनणं थांबतं. २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमा तपासले, तर जवळपास एक तृतीयांशांत नेहमीच्या जोडीखेरीज जादा अँटिबॉडी-साखळ्या चालू सापडल्या. म्हणजे नावाला मोनोक्लोनल. म्हणून आता अँटिबॉडीचा जनुकीय क्रम वाचून ठेवा आणि त्यावरून हवी तेव्हा पुन्हा बनवा, असा आग्रह अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्लुकटुन यांच्यासारखे शास्त्रज्ञ २०१५ पासून धरत आहेत.

क्रम हाती असला की आणखी एक सोय होते. रॅटची अँटिबॉडी उंदराला परकीच. दोनेक आठवड्यांत उंदीर तिच्याविरुद्ध स्वतःच्या अँटिबॉडी बनवतो आणि पुढची इंजेक्शनं निकामी ठरू लागतात. आता रॅटच्या वायची टोकं तशीच ठेवून खोड उंदराचं लावलेले क्लोन मिळतात. ते स्वस्त नाहीत. आमच्याकडचा एक गट सध्या दोन्ही शेजारी शेजारी लावून बघतोय: जुना जीके १.५ आणि उंदराचं खोड लावलेला नवा. पहिल्या आठवड्यात दोन्हींचे आकडे सारखे आले. तिसऱ्या आठवड्याचं रक्त सोमवारी यंत्रावर येईल.